विषय देऊ नका, अट द्या: शाळेत लघुपट आणि गाण्याचा व्हिडिओ करताना

शाळेत लघुपट करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "टीचर, विषय कुठला?" उत्तर देऊ नका. 'पर्यावरण' म्हणालात की प्लास्टिकची बाटली, कचरापेटी, मागे रडणारं व्हायोलिन आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून जोडलेले हात, एवढं आलंच म्हणून समजा. 'व्यसनमुक्ती' म्हणालात तर एक मुलगा काजळाची मिशी काढून बाप होतो आणि झोकांड्या खातो. मुलं आळशी असतात म्हणून हे होत नाही. विषय ऐकला की त्यासोबत तो मांडायची तयार रीतही त्यांना आठवते, कारण स्नेहसंमेलनापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे त्यांनी तीच पाहिलेली असते.

मी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलात संगीत शिकवते, आणि गाण्याचे व्हिडिओ व छोटे लघुपट हा माझ्या मुलांचा नि माझा जोडधंदा. मी विषयाऐवजी अट देते. अट जितकी आडमुठी तितकं बरं. उदाहरणार्थ: रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीचा रॅम्प वर उचलला की लघुपट सुरू, पलीकडच्या काठावर चोडणला तो खाली टेकला की संपला, काय घडायचं ते मधल्या पाण्यावर. किंवा: पूर्ण लघुपटात एकही चेहरा दिसता कामा नये. किंवा: चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायला सुरुवात झाल्यापासून सुपारीची शेवटची शिपटी (घड) लटकेपर्यंत, आणि कोणी बोलायचं नाही.

एकदा अट होती, पाव विकत फिरणाऱ्या पोदेराचा भोंगा तीनदा ऐकू आला पाहिजे, पोदेर मात्र दिसायचा नाही. आठवीतल्या एका मुलीने पहिल्या भोंग्याला आजीच्या घाईत घातलेल्या चपला दाखवल्या, दुसऱ्याला तळहातावर मोजली जाणारी चिल्लर, आणि तिसऱ्याला फाटकावर लटकणारी रिकामी पिशवी. बस्स. घरात काय झालं असेल यावर वर्गात अर्धा तास भांडण झालं. 'आजी-आजोबांचे महत्त्व' असा विषय दिला असता तर ही पिशवी तिला कधीच सुचली नसती.

लांबी दोन मिनिटं, फार तर तीन. याहून मोठं काही मागणारे मुख्याध्यापक असतील तर त्यांना दोन-दोन मिनिटांचे चार लघुपट देऊ करा.

आधी कॅमेऱ्याशिवाय

पहिले काही तास मोबाइल दप्तरातच राहू द्या. मुलांना मैदानाच्या कडेला डोळे मिटून बसवा आणि ऐकू आलेले आवाज लिहायला लावा. सुरुवातीला 'पक्षी, गाडी' असं येतं. पुन्हा बसवा. मग 'कावळा पत्र्यावरून चालतोय', 'बालरथ (शाळेची बस) रिव्हर्स घेतोय', 'कोणीतरी विहिरीचा रहाट ओढतंय' असं येऊ लागतं. हीच यादी पुढे पटकथेला उपयोगी पडते.

दुसरा सराव दाराचा. एक मुलगा दार उघडून आत येतो, एवढंच. हे तीन शॉटमध्ये सांगायचं, आणि बघणाऱ्याला कळलं पाहिजे की त्याला उशीर झालाय. मग तेच दार, तेच तीन शॉट, पण आता तो घाबरलाय. चेहऱ्याने अभिनय करायला बंदी. मुलं कागदावर चौकोन काढून दाखवतात: कडीवर थबकलेला हात, उंबऱ्यावरचा एकच पाय, आतल्या खोलीत वळलेली डोकी. चित्रकलेच्या सरांना या तासाला बोलवा. ते आले तर त्यांना बोलू देऊ नका.

तिसऱ्या सरावाला फोन लागतो, पण तो धरायचा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कथापटाकडे वळण्याआधी एका वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते एकेक चौकट टिपून पडद्यावर आणलं होतं. आपणही कुंडीत चवळी पेरायची आणि ठरावीक वेळाने एकेक फोटो काढत जायचा. सेकंदाला २५ चित्रं धरली तर दहा सेकंदांच्या दृश्याला २५० फोटो लागतात. हा हिशेब मुलांनी स्वतः केला की चित्रपटातला वेळ म्हणजे काय ते त्यांना कळतं. मी तासभर बोलून ते सांगू शकत नाही. फोन एका जागी पक्का बांधा आणि खिडकीचा उजेड अडवून एकच बल्ब लावा, नाहीतर चवळीपेक्षा ऊन-सावलीच जास्त नाचते.

गट

पाच-सहा जणांचा गट पुरे. दिग्दर्शन कोणाकडे यावर रुसवेफुगवे होणारच, म्हणून प्रत्येक सरावाला कामं बदलत राहा. एक काम मात्र विचारपूर्वक द्या: सातत्य सांभाळण्याचं. कालच्या शॉटमध्ये वेणी डाव्या खांद्यावर होती की उजव्या, बाही दुमडलेली होती का, दारातली बादली कुठे होती, हे वहीत लिहिणारं मूल. वर्गात सतत दुसऱ्यांच्या चुका काढणारी एखादी मुलगी असतेच. तिला ही वही द्या. आवाजाचं काम अबोल मुलाला द्या. हेडफोन लावून ऐकत बसायचं काम त्याला आवडतं आणि 'थांबा, विमान चाललंय' असं सगळ्यांना थांबवायचा अधिकारही मिळतो.

संवाद कुठल्या भाषेत, हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. शाळा मराठी, घरात कोंकणी, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी. माझं म्हणणं सरळ आहे. पात्र जिथे उभं आहे तिथे ते जे बोलेल तेच बोलू द्या. आईला "हांव येतां गो" म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी "आई, मी निघतो हं" घातलं की तो लगेच वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखा उभा राहतो. निवेदन मराठीत ठेवा, उपशीर्षकं मराठीत द्या. त्याहून उत्तम म्हणजे संवाद अर्धे करा, मग उरलेल्यातले अर्धे काढून टाका.

चित्रण

साधा मोबाइल चालतो. लेन्स स्वच्छ कापसाने पुसा. मुलांच्या फोनवर खोबरेल तेलाचा थर असतो आणि त्यामुळे चित्र धुरकट दिसतं, मग दोष कॅमेऱ्याला. फोन आडवा धरा आणि फ्लाइट मोडवर टाका. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि प्रकाश दोन्ही लॉक होतात. हे केलं नाही तर पात्र चालू लागताच मागची भिंत उजळते नि मावळते. बोटांनी झूम करू नका. जवळचं हवं असेल तर पायांनी पुढे जा. तिवई नसेल तर बाकावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यात फोन रुतवा. प्रत्येक शॉट गरजेपेक्षा पाच सेकंद आधी सुरू करा आणि पाच सेकंद उशिरा थांबवा.

ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं ही तक्रार दरवर्षी येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की लपलप थांबते. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ मिळत असेल तर तो घ्या, नसेल तर ३०. पण पहिल्या दिवशी जो घेतला तोच शेवटपर्यंत. १०८० रेझोल्यूशन शाळेच्या प्रोजेक्टरला भरपूर होतं. फोर-के घेऊन फोन भरतो आणि ऐन वेळी कोणाच्या तरी मावशीच्या लग्नाचे फोटो डिलीट करावे लागतात.

गोव्यातला उजेड दिसायला सुंदर, टिपायला अवघड. कुळागरात भर दुपारी गेलात तर माडा-पोफळींतून पडणारे कवडसे पात्राच्या तोंडावर पांढरे डाग पाडतात आणि बाकी सगळं काळंकुट्ट होतं. तिथे सकाळी आठच्या आत जा किंवा ढगाळ दिवस बघा. लाल चिऱ्यांच्या भिंतीला टेकून उभ्या केलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर लाली चढते. त्याला भिंतीपासून चार पावलं पुढे घ्या. पावसाळ्यातला मळभाचा उजेड चेहऱ्यांसाठी सगळ्यात चांगला, मऊ आणि सारखा. म्हणून मी जून-जुलै सोडत नाही. फक्त पाऊस स्वतः कॅमेऱ्यात सहसा दिसतच नाही. थेंब दिसायला हवे असतील तर उजेड पावसाच्या पलीकडून, तुमच्या दिशेने यायला हवा आणि मागे काहीतरी गडद हवं: उघड्या गोठ्याचा अंधार, दाट झाड. छत्री धरायला एक मूल वेगळं ठेवा. ते कॅमेऱ्याची छत्री धरतं, स्वतःची नाही, हे आधीच बजावा.

वेळेचं गणित बालरथावर चालतं. दुपारी शाळा सुटली की बस कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे शाळेच्या आवारातलं चित्रण मधल्या सुट्टीपुरतं आणि बाकीचं रविवारी, मुलांच्या वाड्यावर. पालकांची चिठ्ठी घ्या, आणि तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: चित्रण करायला संमती, आणि ते इंटरनेटवर टाकायला संमती. पहिलीला हो म्हणणारे दुसरीला नाही म्हणू शकतात. देवळाच्या आवारात देवस्थान समितीला विचारा. जुने गोव्यातली मोठी चर्चं पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत, तिथे तिवई उभी करायलाही आधी परवानगी लागते. ड्रोनचं नाव काढू नका. शाळकरी कामाला तो लागत नाही, आणि वरून दिसणारा गोवा जाहिरातींनी दाखवून झालाय. बाजारात मासे विकणाऱ्या बाईसमोर थेट फोन उगारू नका. पर्यटकांच्या फोनला त्या आधीच वैतागलेल्या असतात. दहा मिनिटं बोला, थोडे मासे घ्या, मग विचारा.

गाण्याचा व्हिडिओ

हे माझं घरचं अंगण, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिली गोष्ट: सिनेमातलं तयार गाणं घेऊ नका. कायद्याची भानगड आहेच. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. कवी बाकीबाब बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कविता २०४४ सालअखेरपर्यंत परवानगीशिवाय घेता येत नाही. सोहिरोबानाथ आंबियांची पदं अठराव्या शतकातली, त्यांचे शब्द मोकळे. पण तेच पद गेल्या वर्षी कोणी रेकॉर्ड केलं असेल तर ते रेकॉर्डिंग मोकळं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तयार गाण्याबरोबर तयार नाच येतो. मुलं मूळ व्हिडिओतल्या हालचाली जशाच्या तशा करतात. स्वतः गायलेल्या गाण्याला नक्कल करायला काही नसतं.

आपल्याकडे माल भरपूर आहे. घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती, फुगडी, धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, भजन. धालोची गाणी घ्यायची असतील तर वाड्यावरच्या बायकांकडे जाऊन शिका. धालोच्या जागेवर, म्हणजे मांडावर, चपला घालून जायचं नाही, आणि पौषातल्या रात्री प्रत्यक्ष धालो चालू असताना दिवे लावून चित्रण तर मुळीच नाही. त्यांच्याकडून दुपारी अंगणात गाणं शिकायचं, आपण आपलं गायचं. अंगात येण्यासारख्या गोष्टींचा अभिनय मी मुलांना करू देत नाही. बघायला ते परिणामकारक दिसतं, वाड्यावर मात्र कोणाचं तरी मन दुखावतं.

घुमट वापरत असाल तर एक सांगते. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं लावलेलं घुमट घ्या आणि व्हिडिओतही तेच दिसू द्या. रेकॉर्डिंग करताना फोन घुमटाच्या उघड्या गळ्यासमोर ठेवलात तर हवेचा झोत थेट माइकवर येतो आणि आवाज फाटतो. फोन बाजूला, हात-दीड हात दूर, आणि गाणाऱ्याच्या तोंडाजवळ दुसरा फोन. वर्गाच्या उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, तेव्हा बाकांवर गोधड्या टाका, खिडक्यांना चादरी लावा. पंखा बंद. आधी सगळ्यात जोरदार कडवं म्हणून बघा. ते फाटलं नाही तर बाकीचं फाटणार नाही.

गाणं लय मोजणाऱ्या मेट्रोनोमवर बसवा. पुढचं सगळं सोपं होतं. मिनिटाला १०० मात्रांची लय घेतली तर एक मात्रा ०.६ सेकंदाची, २५ च्या फ्रेम रेटला बरोबर १५ चौकटी, ३० ला १८. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याचं एक आवर्तन ४.८ सेकंदांचं होतं. तीन मिनिटांच्या गाण्यात अशी ३७ आवर्तनं आणि वर थोडं. मोठ्या कार्डशीटवर ३७ चौकोन आखा. प्रत्येक चौकोन म्हणजे एक आवर्तन, आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, प्रत्येक चौकोनाच्या डाव्या कडेला. आता मुलांना म्हणा, भरा.

इथे खरी करामत सुरू होते. सुरुवातीला ते ३७ चौकोनांत ३७ वेगवेगळी चित्रं भरतात, कारण रिकामी जागा दिसली की भरायची सवय. मग माझी अट येते: पाच चौकोनांत काहीच घडायचं नाही, आणि एक चित्र तीनदा यायला हवं, पण दर वेळी त्याचा अर्थ बदलला पाहिजे. एका गटाने पावसात अंगणात पालथं पडलेलं तांब्याचं घंगाळ निवडलं. पहिल्यांदा ते नुसतं घंगाळ होतं. दुसऱ्यांदा त्यावर पावसाचा ठेका पडत होता आणि गाण्यातलं घुमट तिथे थांबलं होतं. तिसऱ्यांदा ते सुलटं करून ठेवलेलं, काठोकाठ भरलेलं. हे सुचायला त्यांना दोन तास लागले आणि त्या दोन तासांत मी बाहेर व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. शिक्षकाने खोलीतून बाहेर जाणं हा या पद्धतीचा भाग आहे. तुम्ही आत असलात की मुलं कार्डशीटकडे बघायचं सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघतात.

चित्रणाच्या वेळी गाणं स्पीकरवर लावा आणि मुलांना खरंच मोठ्याने गायला लावा. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा हलत नाहीत, आणि बघणाऱ्याला फसवणूक लगेच कळते. गाण्याच्या आधी रेकॉर्डिंगमध्येच 'एक, दोन, तीन, चार' मोजून ठेवा. कॅमेऱ्यात येणारा स्पीकरचा आवाज आणि मूळ ट्रॅक संकलनात एकमेकांखाली लावले की जुळणी होते. ब्लूटूथचा थोडा उशीर इथे आड येत नाही, कारण मुलं गातात ते स्पीकर ऐकून.

एक गंमत नक्की करून बघा. गाणं दुप्पट वेगाने वाजवा, मुलांनी तितक्याच वेगाने गायचं, आणि चित्रण ५० च्या फ्रेम रेटने करा (प्रकल्प ३० चा असेल तर ६० ने). संकलनात ते निम्म्या वेगाने चालवलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण केस, ओढणी, पाण्याचे शिंतोडे संथ तरंगतात. माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, पाहिलेल्या मुलांना यात काय टाकायचं हे सांगावं लागत नाही. चिखल हवा असतो. घरच्यांना आधी कळवा.

संकलन

संकलनाचं सॉफ्टवेअर: शाळेचा संगणक जुना असला तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, बरा असला तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. चौकट फिरून येणं, पान उलटणं, चांदण्या पडणं, या सगळ्याला पहिल्या लघुपटात बंदी. फक्त कट.

गाण्यात प्रत्येक मात्रेवर कट मारायचा मोह होतो. पहिली वीस सेकंद झकास वाटतं, मग डोळे थकतात. माझी युक्ती अशी: कट समेच्या किंचित आधी मारा, म्हणजे सम येईल तेव्हा नवं चित्र तिथे पोचलेलं असेल. तबलजी समेवर येतो तसंच. आणि कधीतरी एखादं अख्खं आवर्तन कट न मारता जाऊ द्या. त्यानंतरचा कट दुप्पट जोरात लागतो.

लघुपटात आवाजाची जोड फार कामाची. ज्या जागी चित्रण केलं तिथला अर्ध्या मिनिटाचा नुसता शांत आवाज वेगळा रेकॉर्ड करून आणा. दोन शॉटमध्ये आवाज तुटतो तिथे तो खाली पसरला की तुटलेपण झाकलं जातं. पत्र्याखाली पावसात संवाद घेऊ नका, कौलाखाली एक वेळ चालेल. घेतलेच असतील तर ते नंतर कोरड्या खोलीत पुन्हा म्हणवून घ्या.

कच्ची जुळणी झाली की एकदा आवाज बंद करून बघा, मग चित्र झाकून नुसतं ऐका. दोन्हीतलं काही कंटाळवाणं वाटलं तर ते कंटाळवाणं आहे. पालकांना दाखवू नका, ते आपल्या मुलाकडेच बघतात. कँटीनवाला, शिपाईकाका, शेजारच्या भजनी मंडळातले दोघे, अशांना बसवा आणि मुलांना पडद्याकडे पाठ करून त्यांच्या तोंडांकडे बघायला सांगा. कोण कुठल्या क्षणी मोबाइल काढतं ते मिनिट-सेकंदासह वहीत लिहायचं. त्या जागा कापायच्या. तिथे मुलांचा सगळ्यात कष्टाने घेतलेला शॉट असतो बहुतेक वेळा, आणि तो काढताना डोळ्यांत पाणी येतं. येऊ द्या. हवं तर तो वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा, पण बाहेर काढा.

श्रेयनामावलीसाठी प्रत्येक मुलाने आपलं नाव स्वतः टाइप करून द्यावं. काही ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, 'प्राची'चं 'प् राची' होतं. फाँट बदलून बघा आणि मोठ्या पडद्यावर तपासा. दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर प्रत ठेवा, एक तुमच्याकडे, एक मुलांपैकी कोणाकडे.

इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून दर वर्षी पणजीत भरतो आणि आपली बहुतेक मुलं बाहेरची रोषणाई बघून परत येतात. त्यांचा लघुपट तिथे, कांपालला, लागेल तेव्हा लागेल. तोवर वाड्यावरच्या मांडवात, पांढऱ्या चादरीवर, शाळेचा प्रोजेक्टर नेऊन दाखवा. अंधार पडल्यावरच सुरू करा. संध्याकाळी सहाला चादरीवर काही दिसत नाही. स्पीकरचा आवाज माणसं बसल्यावर पुन्हा तपासा, कारण रिकाम्या मांडवात लावलेला आवाज भरल्यावर कमी पडतो. वीज जाईल हे धरून चाला आणि इन्व्हर्टर असलेल्या घराची खिडकी जवळ पडेल अशी चादर बांधा.